"दुर्बिणीनेच आहे ना?" किडनीच्या दुर्बिणी नेमकं काय करतात

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक बहुतेक वेळा एकच विचारतात, "सिस्टर, दुर्बिणीनेच आहे ना? चिरफाड नाही ना?" आणि हो म्हटलं की चेहऱ्यावरचा निम्मा ताण उतरतो. मी युरोलॉजीच्या, म्हणजे किडनी आणि लघवीच्या मार्गाच्या ऑपरेशनांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करते. डॉक्टरांच्या हातात एकेक इन्स्ट्रुमेंट द्यायचं आणि नंतर ते धुऊन, तपासून, जपून ठेवायचं हे माझं रोजचं काम, आणि त्या दाराशी मला दर वेळी वाटतं की यांना पाच मिनिटं बसवून सांगावं, की दुर्बीण हा शब्द एकच असला तरी त्याच्यामागे चारपाच वेगवेगळी यंत्रं आहेत, त्यांचे आत जायचे रस्ते वेगळे, धोके वेगळे आणि घरी पाठवताना पोटात काय ठेवून पाठवतात तेही वेगळं. तेव्हा वेळ नसतो, म्हणून इथे लिहितेय.

आधी एक मोठा गैरसमज काढून टाकूया. किडनीचा आजार म्हटलं की डायबेटिस, बीपी, क्रिएटिनिन, डायलिसिस सगळं एकत्र डोक्यात येतं आणि मग लोक विचारतात की दुर्बिणीने किडनी साफ करून मिळेल का. नाही मिळत. किडनीत ढोबळमानाने दोन भाग समजा, एक गाळणी आणि एक निचरा. गाळणी म्हणजे प्रत्येक किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म चाळण्या, नेफ्रॉन म्हणतात त्यांना, तिथे रक्त गाळलं जातं. डायबेटिसने किंवा बीपीने जी खराब होते ती ही गाळणी, आणि तिथे कुठलीच दुर्बीण पोचत नाही, तिथला तुकडा तपासायचा तर सोनोग्राफीवर बघून पाठीतून सुई घालतात, त्याला किडनी बायोप्सी म्हणतात आणि ते बघतात नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे या गाळणीच्या आजारांचे डॉक्टर. दुर्बीण जाते ती निचऱ्यात. गाळून तयार झालेली लघवी आधी छोट्या छोट्या पेल्यांमध्ये गोळा होते, ते पेले एका नरसाळ्यात उघडतात आणि नरसाळ्याच्या टोकाला मूत्रवाहिनी सुरू होते. पेल्याला डॉक्टर कॅलिक्स म्हणतात, नरसाळ्याला पेल्व्हिस. मुतखडा अडकतो तो इथेच, गाठ वाढते ती याच्या आतल्या अस्तरावर, आकुंचन होतं तेही इथेच. आता यात एक गोष्ट महत्त्वाची आहे, निचरा तुंबून राहिला तर मागची गाळणीही हळूहळू खराब होते, आणि अशा माणसाचं वाढलेलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा घटक, तुंबलेलं मोकळं केलं की खाली येऊ शकतं. म्हणून क्रिएटिनिन वाढलं की डॉक्टर आधी सोनोग्राफी करायला सांगतात, की बाबा हे तुंबल्यामुळे आहे का गाळणीचंच आहे.

आता रस्ता बघू. लघवी बाहेर पडायचा मूत्रमार्ग, तिथून मूत्राशय, मूत्राशयाच्या तळाशी दोन बाजूंना दोन बारीक तोंडं, आणि त्या तोंडांतून वर किडनीपर्यंत गेलेल्या दोन मूत्रवाहिन्या. प्रत्येक साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून ३ ते ४ मिलिमीटर रुंद, आणि त्यातही तीन जागी अरुंद: किडनीतून निघते तिथे, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ओलांडते तिथे आणि मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरते तिथे. खडा बहुतेक या तीनपैकी एका जागी रुततो आणि मग ती कळ उठते, जी एकदा अनुभवलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही.

ओटीत सगळी मापं फ्रेंचमध्ये बोलतात. शार्रिएर नावाचा पॅरिसचा एक इन्स्ट्रुमेंट बनवणारा कारागीर होता, त्याने ही पट्टी घातली, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर जाडी. म्हणजे ९ फ्रेंचची दुर्बीण ३ मिलिमीटरची झाली. हे ध्यानात ठेवा कारण या सगळ्या विषयात भांडण मिलिमीटरचंच आहे. ३ मिलिमीटरच्या नळीत दुर्बीण घालायची, त्या दुर्बिणीतून उजेड न्यायचा, चित्र परत आणायचं, पाणी सोडायचं आणि वर खडा फोडायचं हत्यारही तिथूनच घालायचं.

म्हणून तर इतकी वर्षं लागली. १८०६ साली फिलिप बोत्सिनी नावाच्या जर्मन डॉक्टरने मेणबत्ती आणि आरसा वापरून शरीराच्या पोकळीत बघायचं यंत्र केलं होतं, पण मेणबत्ती बाहेर आणि अंधार आत, किती दिसणार. १८७० च्या दशकात मॅक्सिमिलियन निट्झेने युक्ती उलटी केली, उजेडच नळीच्या टोकाला नेला. प्लॅटिनमची तार तापवून लाल करायची आणि ती पेशंटला भाजू नये म्हणून भोवतीने गार पाणी फिरवायचं, असं ते यंत्र होतं, आणि पुढे एडिसनचा बल्ब आल्यावर ते सुटसुटीत झालं. मूत्राशय आतून नीट बघायची खरी सुरुवात तिथून. १९१२ मध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी एका लहान मुलाच्या मूत्रवाहिनीतून थेट किडनीपर्यंत दुर्बीण नेली, पण ती जाऊ शकली कारण जन्मतः असलेल्या अडथळ्यामुळे त्या मुलाची मूत्रवाहिनी फुगून खूप रुंद झाली होती. नॉर्मल मूत्रवाहिनीत जायला अजून अर्ध शतक लागलं.

त्यात माझ्या मते सगळ्यात मोठं देणं हॅरल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं. जुन्या दुर्बिणीत लांब नळीत छोटी छोटी भिंगं असायची आणि मध्ये हवा, त्यामुळे चित्र अंधारं यायचं. हॉपकिन्सनी ते पालटलं, काचेच्या लांब कांड्या आणि मध्ये हवेच्या छोट्या फटी, आणि एवढ्यावर चित्र कितीतरी पटींनी उजळ झालं. शिवाय १९५४ मध्ये त्यांनी आणि नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं हे दाखवलं, म्हणजे नळी वाकवली तरी चित्र पोचतं. आजची सरळ दुर्बीण आणि वाकणारी दुर्बीण, दोघींचंही मूळ या एका माणसाच्या कामात आहे. १९६४ मध्ये व्हिक्टर मार्शल यांनी ३ मिलिमीटरची लवचिक दुर्बीण मूत्रवाहिनीत नेऊन खडा बघितल्याचं प्रसिद्ध केलं, पण तो नुसताच बघितला, कारण तिचं टोक वळवता येत नव्हतं आणि हत्यार घालायला वाटही नव्हती.

आता एकेक यंत्र. सगळ्यात साधी ती सिस्टोस्कोप, मूत्राशयापर्यंत जाणारी. स्टीलची सरळ असते, साधारण १७ ते २२ फ्रेंच, आणि लवचिक असते, १६ फ्रेंचच्या आसपास, पुरुषांना लवचिक बरीच सुसह्य पडते आणि नुसती जेली लावून जागेपणीच करता येते. तुम्ही म्हणाल मूत्राशयाची दुर्बीण किडनीच्या लेखात कशाला, तर किडनीकडे जायचं दार तिथे आहे. स्क्रीनवर ती दोन तोंडं दिसतात, बारीक चीर असल्यासारखी, आणि थोडा वेळ थांबलं की त्यातून लघवीची छोटी पिचकारी उडते, मग चीर मिटते, मग परत उडते. हे मी अगणित वेळा बघितलंय तरी नजर थांबते तिथे. लघवीतून रक्त जाणाऱ्या पेशंटमध्ये कधीकधी एका बाजूची पिचकारी स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूची लालसर दिसते, आणि तेवढ्यावरून कळतं की रक्त मूत्राशयातलं नाही, या बाजूच्या किडनीकडून येतंय. एका क्षणात अर्धं निदान.

दार सापडलं की पहिली आत जाते ती वायर. लोकांना लेझर माहीत असतो, वायर कोणाला माहीत नसते, पण ओटीत विचाराल तर सगळे सांगतील की वायर गेली म्हणजे निम्मं ऑपरेशन झालं. जेमतेम १ मिलिमीटरच्या आतबाहेर जाडी, अंगाने ताठ पण पुढची काही सेंटिमीटर अगदी मऊ, बोटावर टेकवली तर दुमडून जाते, टोचत नाही. काहींवर असा लेप असतो की सलाईनमध्ये भिजवल्या की मासळीसारख्या निसटतात, हातात धरणं मुश्किल होतं, पण रुतलेल्या खड्याच्या बाजूने वर सरकायला तेच उपयोगी. ती किडनीत जाऊन वेटोळं करते, एक्स-रेच्या स्क्रीनवर ते वेटोळं दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण पुढे काहीही झालं, रक्ताने दिसेनासं झालं किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली, तरी वायरवरून स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी मऊ नळी, चढवून बाहेर येता येतं. म्हणून ही सेफ्टी वायर शेवटपर्यंत बाजूला तशीच ठेवायची असा बऱ्याच डॉक्टरांचा नियम असतो.

मग युरेटेरोस्कोप, मूत्रवाहिनीत जाणारी दुर्बीण. हिच्यात दोन बहिणी. एक सेमी-रिजिड, दिसायला सरळ स्टीलची, टोकाशी २ ते अडीच मिलिमीटर जाड, किंचित लवते पण वाकत नाही. ही मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या खड्यांसाठी उत्तम, मधल्या भागापर्यंतही चालते, त्याच्यावर मात्र रस्ता वळतो आणि ताठ नळी जबरदस्तीने ढकलणं धोक्याचं. दुसरी फ्लेक्सिबल, हिची करामतच वेगळी. साधारण ३ मिलिमीटर जाडीची लांब मऊ नळी, हातातल्या मुठीवर एक खटका, तो अंगठ्याने दाबला की आत २ फुटांवर असलेलं टोक वळतं, आणि असं तसं नाही, दोन्ही दिशांना २७० अंशांपर्यंत, म्हणजे टोक स्वतःच्याच अंगाकडे बघायला लागतं. हिच्यामुळेच खालून, नैसर्गिक मार्गाने जाऊन, एकही छेद न देता, किडनीच्या अगदी खालच्या पेल्यात वळून बघता येतं. रिपोर्टवर आरआयआरएस लिहिलेलं असतं ते हेच. हल्लीच्या बऱ्याच दुर्बिणींत काचतंतूंच्या जुडीऐवजी टोकावरच कॅमेऱ्याची चिप असते, चित्र एकदम स्वच्छ येतं.

पण तिची मर्यादाही समजून घ्या. या ३ मिलिमीटरमध्ये कामाला मिळणारी वाट फक्त ३.६ फ्रेंचची, म्हणजे १.२ मिलिमीटर. पाणी त्यातूनच जाणार, लेझरची तारही त्यातूनच, खडा पकडायची बास्केटही त्यातूनच. तार घातली की पाणी कमी येतं, टोक वळायलाही कुरकुरतं. म्हणून डॉक्टर कधीकधी खालच्या अडचणीच्या पेल्यातला खडा आधी बास्केटने उचलून वरच्या मोकळ्या जागी आणून ठेवतात आणि मग फोडतात. ही बास्केट निटिनॉल नावाच्या मिश्रधातूची असते, कितीही दाबा, सोडली की आपल्या मूळ आकारावर येते, मिटलेली असताना जाडी अर्ध्या पाऊण मिलिमीटरची. दिसायला नाजूक पण हिच्याशी जबरदस्ती करायची नाही, मोठा खडा पकडून खसकन ओढला तर मूत्रवाहिनीच तुटून येऊ शकते, हे फार क्वचित घडतं पण घडलं तर फार वाईट असतं, म्हणून अडलं की सोडून द्यायचं, परत फोडायचं.

लेझरबद्दल लोकांना वाटतं की तो खडा जाळतो, किंवा बाहेरूनच मारतात. बाहेरून मारतात ते वेगळं, त्या ध्वनिलहरी, लिथोट्रिप्सी, तिच्यात दुर्बीण नसते. दुर्बिणीतला लेझर म्हणजे केसाहून थोडी जाड काचेची तार, २०० मायक्रॉनची म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, ती खड्याला जवळजवळ टेकवायची आणि पायाखालचं पेडल दाबायचं. होल्मियम लेझर बरीच वर्षं वापरात आहे, त्याचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच शोषला जातो, म्हणून खड्यापासून थोडं अंतर राखलेल्या भिंतीला धोका कमी. नवीन आलेला थुलियम फायबर लेझर पाण्यात आणखी लवकर शोषला जातो आणि खड्याचं अगदी पीठ करतो. इथे दोन पद्धती आहेत, एक म्हणजे थोडी ताकद आणि खूप ठोके, खडा बाहेरून झिजवत भुकटी करायची आणि ती लघवीवाटे जाऊ द्यायची, दुसरी म्हणजे जास्त ताकद आणि कमी ठोके, तुकडे करायचे आणि बास्केटने एकेक बाहेर काढायचे. कुठली चांगली यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, खडा किती कडक, किती मोठा, कुठे आहे यावर ठरतं, तुकडे काढले तर एक फायदा आहे की ते तपासणीला पाठवता येतात आणि खडा कशाचा होता ते कळतं.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते पाण्याबद्दल. दुर्बिणीतून सतत सलाईन सोडावं लागतं, नाहीतर दिसणारच नाही, आणि लेझरने पाणी तापतं तेही थंड ठेवावं लागतं. पण हे पाणी किडनीत भरतंय, आणि किडनीच्या नरसाळ्यात एरवी दाब अगदी कमी असतो, १०-१५ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. तो साधारण ४० च्या वर गेला की आतलं पाणी उलटं किडनीच्या मांसात आणि रक्तात शिरायला लागतं. पाणी स्वच्छ असेल तर एकवेळ ठीक, पण आत इन्फेक्शन असेल तर जंतू थेट रक्तात जातात, आणि मग ऑपरेशन छान झालेलं, खडा पूर्ण गेलेला, आणि संध्याकाळी पेशंटला हुडहुडी भरून ताप, बीपी खाली. याला सेप्सिस म्हणतात आणि यात जीव जाऊ शकतो. स्क्रीनवर धूसर झालं की हाताने पंप जोरात दाबायचा मोह होतो, आणि दाब क्षणात कितीतरी पटींनी चढतो, म्हणून आमच्याकडे पंप कोण दाबतंय आणि किती हे बघायला एक डोळा कायम असतो.

यासाठीच ऑपरेशनच्या आधी लघवीचं कल्चर करतात. लोक वैतागतात, तारीख मिळालेली असते, सुट्ट्या काढलेल्या असतात आणि रिपोर्टमध्ये जंतू निघाले म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात. ढकलू द्या, ती चालढकल नाही, तो तुमच्या माणसाचा बचाव आहे. आणि खडा अडकलेला असून थंडी वाजून ताप येत असेल तर ती इमर्जन्सी समजा, घरी पाणी पीत बसायची वेळ नाही ती. अशा वेळी डॉक्टर खडा फोडतच नाहीत, फक्त स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेलं मोकळं करतात, अँटिबायोटिक देतात आणि खड्याला नंतर हात लावतात. "खडा तसाच ठेवला मग केलं काय?" असं नातेवाईक विचारतात, तर जीव वाचवायचं काम केलेलं असतं.

दाब कमी ठेवायला अॅक्सेस शीथ असते, म्हणजे मूत्रवाहिनीत घातलेली साडेतीन चार मिलिमीटरची पोकळ नळी, तिच्यातून दुर्बीण वर जाते आणि बाजूच्या फटीतून पाणी परत येतं, हल्ली तिला सक्शन जोडलेल्याही निघाल्यात, भुकटी पण ओढून घेतात. पण सगळ्यांची मूत्रवाहिनी तेवढी रुंद नसते. नाही गेली तर नाही गेली, रेटायचं नाही, स्टेंट ठेवायचा, एक दोन आठवड्यांत मूत्रवाहिनी आपोआप सैल होते, मग परत यायचं. म्हणजे एका ऑपरेशनऐवजी दोन झाली, तर त्याचा अर्थ पहिलं फसलं असा घेऊ नका, बऱ्याचदा तो शहाणपणाचा निर्णय असतो.

खडा मोठा असेल, साधारण २ सेंटिमीटरच्या वर, किंवा किडनीचे पेले भरून झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला असेल, तर खालून जाऊन तो संपवायला फार वेळ लागतो. तिथे पीसीएनएल, पाठीतून. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी तीन पेशंटचे खडे असे त्वचेतून केलेल्या वाटेने काढल्याचं प्रसिद्ध केलं, तिथून याची सुरुवात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत पाठीतून सुई नेमक्या पेल्यात घालायची, सुईतून वायर, वायरवरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालत वाट रुंद करायची आणि शेवटी एक पोकळ शीथ ठेवायची, तिच्यातून नेफ्रोस्कोप, म्हणजे पाठीतून थेट किडनीत बघायची दुर्बीण, आत जातो. नेहमीच्या पद्धतीत वाट ८ ते १० मिलिमीटरची, मिनी म्हणतात त्यात ५-६ मिलिमीटरची. खडा फोडायला लेझर किंवा ठोके मारणारी न्यूमॅटिक सळई किंवा अल्ट्रासाऊंडवर चालणारी पोकळ सळई जी फोडता फोडता तुकडे ओढूनही घेते. सगळं कौशल्य त्या पहिल्या सुईत आहे. पेल्याच्या बरोबर मधोमध, टोकातून शिरली तर मोठ्या रक्तवाहिन्या चुकतात, बाजूने शिरली तर रक्तस्राव. म्हणजे हीसुद्धा दुर्बीणच, पण इथे किडनीच्या मांसातून भोक पडलेलं असतं, त्यामुळे रक्त जास्त जायची शक्यता खालून जाणाऱ्या दुर्बिणीपेक्षा अधिक, हॉस्पिटलात एखाद दोन दिवस जास्त, काही वेळा पाठीला नळी. क्वचित आठवडाभराने घरी गेल्यावर अचानक लालभडक लघवी, गाठी असं होऊ शकतं, तेव्हा वाट न बघता परत यायचं.

खड्यांबद्दलच इतकं बोलतेय, पण निदानासाठी या दुर्बिणी फार मोलाच्या आहेत. दुखत नसताना लघवीतून रक्त जाणं ही गोष्ट कधीही अंगावर काढू नका, थांबलं म्हणून सोडून देऊ नका. सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीत किंवा नरसाळ्यात काहीतरी सावली दिसते, ती खड्याची, रक्ताच्या गाठीची की ट्यूमरची हे कधीकधी स्कॅनवर ठरत नाही. दुर्बीण आत गेली की समोर दिसतं. पाण्यात हलणाऱ्या झालरीसारखी ती गाठ दिसते, डॉक्टर बारीक चिमट्याने तुकडा घेतात, आणि तो तुकडा केवढा, तर मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान. तो मी सुईच्या टोकाने अलगद सोडवून बाटलीत घालते आणि घालताना श्वास रोखलेला असतो, कारण किडनी काढायची की ठेवायची हे त्या कणावर अवलंबून असू शकतं. गाठ लहान आणि सौम्य प्रकारची असेल तर दुर्बिणीतूनच लेझरने जाळून किडनी वाचवता येते, पण मग ठराविक काळाने पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून बघावं लागतं, ते चुकवून चालत नाही. मूत्रवाहिनीचं छोटं आकुंचनही लेझरने आतून कापून मोकळं करता येतं, लांबलचक असेल तर नाही.

दुर्बिणीच्या देखभालीबद्दल थोडं, कारण ते कोणाला दिसत नाही. फ्लेक्सिबल दुर्बीण फार महाग आणि फार हळवी. लेझरची तार आत घालताना दुर्बीण सरळच असली पाहिजे, टोक वळलेलं असताना तार ढकलली तर आतून वाट फाटते, आणि तारेचं टोक स्क्रीनवर दिसल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, नाहीतर लेझर दुर्बिणीच्या आतच पेटतो. केस संपली की लगेच पाणी ओढून वाट धुवायची, मग लीक टेस्ट. दुर्बिणीत हवा भरायची, पूर्ण पाण्यात बुडवायची आणि टोक दोन्हीकडे वळवत बघत राहायचं. बुडबुड्यांची बारीक ओळ उठली म्हणजे कुठेतरी छिद्र आहे, आत पाणी शिरणार, चित्र जाणार आणि जंतूही तिथे दडून बसणार. ती दुर्बीण बाजूला, दुसऱ्या पेशंटला वापरायची नाही, लिस्टवर कितीही केसेस असू देत. मग ब्रश, एन्झाइमचं पाणी, आणि नंतर कमी तापमानाचं निर्जंतुकीकरण, कारण १३४ अंशांच्या वाफेत ती टिकत नाही. आता एकदाच वापरून टाकायच्या फ्लेक्सिबल दुर्बिणी पण मिळतात, इन्फेक्शन असलेल्या पेशंटमध्ये किंवा दुर्बीण मोडायची भीती असलेल्या अवघड केसमध्ये त्या फार कामाच्या, कचरा वाढतो हे खरं, तरी मला स्वतःला त्या आल्या याचं बरं वाटतं.

आणि आता डीजे स्टेंट. काम झाल्यावर मूत्रवाहिनीला सूज येते, सूज आली की लघवी अडू शकते, म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ बारीक नळी ठेवतात, २ मिलिमीटरच्या आसपास जाडीची. दोन्ही टोकं वळलेली, म्हणून डबल जे, वरचं वेटोळं किडनीत आणि खालचं मूत्राशयात, त्यामुळे ती सरकत नाही. १९७८ साली फिनी यांनी या आकाराचा स्टेंट मांडला आणि तो इतका बरोबर होता की आजही तोच आकार. स्टेंट असताना वारंवार लघवीला जावंसं वाटणं, लघवी करताना कमरेत कळ जाणं, चालल्यावर लघवी गुलाबी होणं हे बऱ्याच जणांना होतं, ऑपरेशन बिघडलंय असं नाही, गोळ्यांनी बरंच कमी होतं. ताप, थंडी, गाठी किंवा लघवी बंद हे मात्र होऊ द्यायचं नाही, लगेच दाखवायचं.

त्रास होणारे लोक काढायला वेळेवर येतात. मला काळजी वाटते ती ज्यांना काहीच त्रास होत नाही त्यांची. दुखणं गेलं, खडा गेला, कामाला लागले, आणि आत नळी आहे हे घरात कोणाच्या लक्षातच राहत नाही. स्टेंट बहुतेक वेळा काही दिवस ते काही आठवड्यांसाठी असतो, लांबला तरी साधारण ३ महिन्यांत, फार तर ६ महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. त्याहून राहिला की त्याच्यावरच खडा चढायला लागतो. असा एक स्टेंट मी ट्रेमध्ये घेतलाय, दोन वर्षं आत राहिलेला. हातात दगडासारखा लागत होता, निळी मऊ नळी कुठे दिसतच नव्हती, दोन्ही टोकांना पांढुरके गोळे, आणि तो काढायला वरून पीसीएनएल आणि खालून लेझर असं दोन्ही करावं लागलं. तो माणूस म्हणत होता, "मला कोणी सांगितलंच नाही नळी ठेवलीय म्हणून." सांगितलं असेलही, पण भूल उतरताना सांगितलेलं कोणाला आठवतं, आणि डिस्चार्ज कार्डावर डीजेएस एवढीच तीन अक्षरं लिहिली तर घरच्यांना काय कळणार. म्हणून मी आता नातेवाईकांना मोबाइल काढायला लावते, माझ्यासमोर तारखेचा रिमाइंडर टाका म्हणते, पेशंटच्या मोबाइलमध्ये एक आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये एक, आणि स्टेंट कुठल्या बाजूला आहे तेही लिहून घ्या म्हणते, उजवा की डावा की दोन्ही.

काढताना बहुतेक मोठ्या माणसांना पूर्ण भूल लागत नाही. जेली लावून लवचिक सिस्टोस्कोप मूत्राशयात जाते, स्क्रीनवर ते निळं वेटोळं तरंगताना दिसतं, बारीक चिमटा पुढे सरकतो, टोक धरतो आणि दुर्बिणीसकट अलगद मागे येतो. चारपाच मिनिटं. बरेच पेशंट ती नळी बघायला मागतात, हातात वीतभरापेक्षा लांब ती बघून म्हणतात, "एवढी होती आत?", आणि मग घरी फोन लावतात की निघाली.